पोटाचा घेर आणि धमन्यांतील चुना

(नवी मुंबईत स्वयंसेवक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा हा संपादित आशय.)



विजयादशमीचे संचलन जवळ आले की घरोघरी कपाटातून गणवेश बाहेर निघतो. टोपी बसते, सदरा ओढूनताणून बसतो. अडते ते पट्ट्यापाशी. गेल्या वर्षीचे भोक यंदा लागत नाही, पुढचे शोधावे लागते. घरात त्यावर थोडी थट्टा होते, 'खात्यापित्या घरचे लक्षण' म्हणून कोणी समजूत घालतो आणि विषय तेथेच मिटतो. वास्तविक तो तेथे सुरू व्हायला हवा. सरकलेले भोक ही शरीराने वेळेवर दिलेली सूचना असते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांचे भवितव्य तिच्यात दडलेले असते, आणि ती वाचण्यासाठी शिवणकामाची एक साधी टेप पुरेशी होते.

या विषयाचे सूत्र असे सांगता येईल : वजनकाटा भारतीय माणसाला फसवितो, पोटाचा घेर सहसा फसवीत नाही. त्या घेराकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत धमन्यांना चुकवावी लागते, आणि ती बहुधा ऐन कर्तृत्वाच्या वयात वसूल होते.

एकच वजन, दोन शरीरे

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. सोबत दोघांचे छायाचित्र होते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बी.एम.आय. म्हणतात. या दोन्ही संशोधकांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३ होता. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळ वाटावेत. परंतु यंत्राने शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ते ९.१ टक्के भरले, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच टिपणात दोघांनी आपापल्या दिनक्रमाची मिस्कील नोंदही केली आहे. युडकिन फावल्या वेळात मॅरेथॉन धावत. याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातील उद्वाहकाचे दार बंद होण्यापूर्वी धावत जाऊन ते गाठणे. वाशी किंवा पनवेलहून रोज गाडी पकडणाऱ्या कित्येकांचा व्यायाम याहून वेगळा नसतो.

मात्र हा फरक केवळ व्यायामाचा नव्हता. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती माता आणि त्यांची बाळे यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे जवळजवळ पाऊण किलोने हलकी, पण ही तूट सर्व अंगांत सारखी नव्हती. स्नायू कमी पडले होते, पोटातील अवयव लहान होते, मेद मात्र बराचसा टिकून होता. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुण्याच्या त्या खेड्यांतून जगाच्या वैद्यकशास्त्रात पोहोचली.

याचा अर्थ आपला वंश दुर्बल आहे, असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की ज्या मोजपट्ट्या युरोपीय शरीरावरून आखल्या गेल्या, त्या आपल्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा सुचविल्या. बी.एम.आय. २३ पासून वजन अधिक मानावे आणि २५ पासून स्थूलता. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, झाला की ती धोक्याची खूण समजावी. साठ-पासष्ट किलोच्या आणि 'आपण काही जाड नाही' अशा समजुतीत असणाऱ्या अनेकांच्या कमरेला टेप लावली, तर समजूत आणि टेप यांचा मेळ बसत नाही.

चरबी तीच, जागा वेगळी

शरीरातील सगळीच चरबी घातक नसते. मार्सेय येथील फ्रेंच वैद्य झां वाग यांनी १९४७ मध्येच दाखवून दिले होते की मेद किती आहे यापेक्षा तो कोठे साठला आहे याला महत्त्व आहे. मांड्या आणि नितंब यांवरील मेदापेक्षा पोटाचा मेद मधुमेह व रक्तवाहिन्यांच्या विकारांशी अधिक जोडलेला असतो.

पोटावरही चरबीचे दोन थर असतात. एक त्वचेखालचा, जो चिमटीत येतो. दुसरा पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आणि आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या पडद्यात साठणारा. हा चिमटीत येत नाही. घट्ट, पुढे आलेल्या, नगाऱ्यासारख्या पोटात बहुधा हाच अधिक असतो. 'पोट आहे, पण कसे टणक आहे' असा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ही आतली चरबी निमूटपणे बसून राहणारी ठेव नव्हे. तिच्यातील स्निग्धाम्ले रक्तात उतरतात आणि त्यांतील मोठा भाग आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून थेट यकृतावर जाऊन आदळतो. यकृतात चरबी साठते. यकृत इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनासे होते, रक्तातील साखर वाढते. तेच यकृत ट्रायग्लिसराइड्स अधिक प्रमाणात रक्तात सोडते. हितकर समजले जाणारे एच.डी.एल. घटते, एल.डी.एल. कोलेस्टेरॉलचे कण लहान व दाट होतात. याखेरीज ही चरबी दाह वाढविणारी रसायने स्रवते आणि धमन्यांचे रक्षण करणाऱ्या ॲडिपोनेक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण कमी करते. रक्तदाबही चढतो. एका कोपऱ्यात बसलेल्या माणसाने साऱ्या घराचा कारभार बिघडवावा, तसे हे आहे.

धमनीत चुना कसा साचतो

धमनीचे अंतस्त्वचेचे अस्तर निरोगी असताना गुळगुळीत असते. वाढलेला रक्तदाब, साखर आणि तंबाखूतील विषारी द्रव्ये त्या अस्तराला इजा करतात. एल.डी.एल.चे कण अस्तराखाली शिरतात. त्यांना गिळण्यासाठी रक्तातील भक्षक पेशी धावून येतात, गिळून गिळून फुगतात आणि तेथेच मरतात. मेद, मृत पेशी आणि तंतू यांचा थर वाढत जातो. हा थर वर्षानुवर्षे दाहात राहिला की धमनीच्या भिंतीतील काही स्नायुपेशी आपला मूळ धर्म सोडून हाडे घडविणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, आणि त्या जागी कॅल्शियम फॉस्फेटचे कण जमतात. हाडांत आणि दातांत जे खनिज असते त्याच जातीचे हे खनिज. बोलीभाषेत आपण त्याला चुना म्हणू. लवचीक असायला हवी ती नळी जागोजागी कठीण होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा चुना दुधातून, नाचणीतून किंवा दह्यातून आलेला नसतो. धमनी आजारी पडल्यामुळे रक्तातले कॅल्शियम तेथे बसते. म्हणून धमनीत कॅल्शियम आढळले या भीतीने घरातील आजीचे दूध बंद करणे किंवा वैद्यांनी हाडांसाठी दिलेली गोळी परस्पर थांबविणे हा शहाणपणा नव्हे.

पोटाची चरबी आणि धमनीतील कॅल्शियम यांच्या नात्याविषयीही नेमकेपणाने बोलले पाहिजे. ज्यांच्या पोटात आतली चरबी जास्त, त्यांच्या धमन्यांत कॅल्शियमही अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. परंतु रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांचा वाटा हिशेबातून वेगळा काढला की हा संबंध बराच सैल होतो. हृदयाला बिलगून असलेल्या चरबीचा संबंध मात्र अशा हिशेबानंतरही टिकून राहतो, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासात २००८ मध्ये दिसून आले. याचा व्यावहारिक अर्थ आशादायक आहे. पोट बव्हंशी या तीन हस्तकांकरवी धमन्यांचे नुकसान करते. घेर कमी होईपर्यंतच्या काळातही रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल काबूत ठेवले, तर धमन्यांचे पुष्कळसे रक्षण होते.

पाच-सहा वर्षे आधी

जगातील ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यामागे बहुतांशी नऊच कारणे असतात, असे त्यातून सिद्ध झाले : रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटाची स्थूलता, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्याविषयीच्या सवयी. पुरुषांतील सुमारे ९० टक्के आणि स्त्रियांतील सुमारे ९४ टक्के धोक्याचा उलगडा या नऊ घटकांतून होतो. स्थूलता मोजताना या अभ्यासाने कमर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर वापरले, कारण झटक्याशी असलेला संबंध त्यात बी.एम.आय.पेक्षा ठळक दिसला.

याच अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. पहिल्या झटक्याचे सरासरी वय आपल्याकडे ५३ वर्षे. इतर देशांत ५८.८ वर्षे. जवळजवळ सहा वर्षांचे हे अंतर आहे. त्रेपन्नाव्या वर्षी घरातील मुलाचे शिक्षण पूर्ण व्हायचे असते, मुलीचे लग्न ठरायचे असते, सदनिकेच्या कर्जाचे हप्ते उरलेले असतात. कार्यकर्त्याच्या बाबतीत तर अनुभव आणि उमेद यांचा सर्वांत चांगला संगम याच वयात होत असतो. ही सहा वर्षे ही कुटुंबाची आणि समाजाची हानी आहे.

देशभरातील चित्रही सांगितले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडिॲब' या विस्तृत पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : प्रौढांमध्ये पोटाची स्थूलता ३९.५ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के, मधुमेह ११.४ टक्के आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १५.३ टक्के. दर दहा प्रौढांत चारजणांचे पोट धोक्याच्या रेषेपलीकडे गेले आहे.

आखीव शहर, बैठे जीवन

नवी मुंबईला हा विषय विशेष लागू पडतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हा ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे नगर उभे करण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचे जीवन कष्टाचे होते. चिखलणी, लावणी, मिठाच्या पाट्या, होडीची वल्ही यांत शरीर झिजत असे आणि घडतही असे. त्या पिढीचा आहार त्या श्रमाला साजेसा होता. पुढच्या पिढीच्या हाती शेताऐवजी भाड्याची खोली, वाहन किंवा कार्यालयातली खुर्ची आली. श्रम गेले, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला.

घाटावरून आलेल्या माथाडी बांधवांची कथा फारशी निराळी नाही. बाजार समितीत पाठीवर पोती वाहून ज्यांनी मुले शिकविली, त्यांची मुले आज ऐरोली, महापे, घणसोली येथील संगणकाच्या पडद्यासमोर आठ-दहा तास बसतात. हा उत्कर्ष अभिमानाचाच आहे. परंतु पित्याने पाठीवरून उतरविलेले ओझे पुत्राने पोटावर घेऊ नये. तिसरा वर्ग मुंबईतून येथे राहायला आलेल्या नोकरदारांचा. पहाटे घर सोडायचे, हार्बरच्या गाडीत तास-सव्वा तास काढायचा, रात्री नऊला जेवायचे आणि जेवताच झोपायचे. तिघांचीही मुळे वेगळी, पण घेर सारख्याच गतीने वाढणारा.

विरोधाभास असा की चालण्यासाठी जागा असलेले शहर मुंबईच्या परिसरात हेच आहे. पारसिक डोंगराची चढण, नेरूळच्या तळ्याकाठचा मार्ग, खारघरचे सेंट्रल पार्क, विभागाविभागांतील उद्याने हे सारे येथे आहे. नगररचनाकारांनी आपले काम केले. नागरिकांनी पादत्राणे घालून बाहेर पडणे बाकी आहे.

कार्यकर्त्याची थाळी

या सभेत एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात ज्यांनी संघ सुरू केला ते डॉ. हेडगेवार स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेले होते, आणि शाखेच्या एका तासात व्यायामाला त्यांनी दिलेले स्थान हा योगायोग नव्हता. बाल आणि तरुण वयात स्वयंसेवक खेळतो, धावतो, दंड फिरवितो, सूर्यनमस्कार घालतो. पुढे दायित्व वाढते तसा मैदानावरचा वेळ घटतो आणि सतरंजीवरचा वाढतो. बैठका, अभ्यासवर्ग, प्रवास यांत आठवडा संपतो. शाखेत आला तरी तो प्रार्थनेपुरता येतो, किंवा तरुणांचे खेळ कडेला उभा राहून पाहतो.

त्यात कार्यकर्त्याचे भोजन घराघरांत होते. ही आपली सुंदर परंपरा आहे. तिच्यातून माणसे जोडली गेली. पण प्रत्येक घर आग्रहाने वाढते. सकाळी एका घरी पोहे, दुपारी दुसरीकडे पुरणपोळी, रात्री तिसरीकडे श्रीखंड, आणि मध्ये प्रत्येक ठिकाणी दोन चमचे साखरेचा चहा. वाढणाऱ्या माउलीचा भाव शुद्ध असतो, नाही म्हणणे जड जाते. यजमान घरांनीच आता आपल्या आतिथ्याला नवे वळण द्यावे. भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक एवढे साधे जेवण वाढावे आणि दुसऱ्यांदा आग्रह करू नये. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला दीर्घायुष्य वाढावे.

घरातल्या स्त्रीचा विचार तर सर्वांत शेवटी होतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील मेद पोटाकडे सरकतो आणि तोवर लाभलेले नैसर्गिक संरक्षण ओसरते. उरलेले अन्न टाकायचे नाही म्हणून शेवटी तीच संपविते, स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलते, आणि दम लागला, जबडा किंवा पाठ दुखली, तर 'पित्त असेल' म्हणून सोसत राहते.

चरकाची यादी

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा विचार केला होता काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन एका स्वतंत्र अध्यायात आले आहे आणि स्थूलतेची चिकित्सा कृशतेपेक्षा कठीण असल्याचे तेथे म्हटले आहे. त्याआधीच्या अध्यायात कफजन्य वीस विकारांची यादी आहे. त्या एकाच यादीत 'अतिस्थौल्य' आहे आणि 'धमनीप्रतिचय' म्हणजे धमन्यांत भर साचणे हेही आहे. प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचे आणि झोपून राहण्याचे सुख चरकाने गणले आहे.

चरकाला हृदयाच्या धमन्यांतील कॅल्शियम ठाऊक होते, असा दावा करणे योग्य नाही. त्याचे धमनीविषयक आकलन आजच्यासारखे नव्हते. परंतु स्थूलता आणि धमन्यांतील साचणे हे एकाच मुळाचे विकार आहेत, ही त्याची निरीक्षणशक्ती थक्क करणारी आहे. त्याच्या परंपरेचा खरा सन्मान निरीक्षणाची तीच शिस्त अंगी बाणविण्यात आहे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या 'सात दिवसांत ब्लॉकेज साफ' अशा काढ्यांच्या संदेशांना चरकाचे नाव देणे हा चरकाचाच अपमान आहे. धमनीत जमलेला चुना धुऊन काढणारे औषध आजवर सिद्ध झालेले नाही, ॲलोपथीतही नाही आणि काढ्यांतही नाही. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर तो विषारी असू शकतो आणि त्याने प्राणही गेले आहेत.

टेप आणि सी.टी. स्कॅन

धमनीतील कॅल्शियम मोजण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. शिरेतून रंगद्रव्य न देता छातीचा सी.टी. स्कॅन काही क्षणांत होतो आणि एक अंक मिळतो. शून्य म्हणजे दिसण्याजोगे कॅल्शियम नाही. १ ते ९९ सौम्य. १०० ते ३९९ मध्यम. ४०० आणि पुढे तीव्र. अमेरिकेतील 'मेसा' अभ्यासात अंक ३०० च्या पुढे असलेल्यांना शून्य अंक असलेल्यांच्या तुलनेत हृदयविकाराच्या घटनांचा धोका साडेनऊ पटींहून अधिक आढळला.

त्या अभ्यासात भारतीय वंशाचे लोक नव्हते. म्हणून डॉ. अलका कनाया आणि सहकाऱ्यांनी २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातील ९०६ दक्षिण आशियाई नागरिकांना घेऊन 'मसाला' नावाचा अभ्यास सुरू केला. तेथील आपल्या पुरुषांच्या धमन्यांतील कॅल्शियम गौरवर्णीयांच्या बरोबरीचे आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो व चिनी वंशीयांपेक्षा अधिक आढळले. यकृतातील आणि स्नायूंमधील चरबीही आपल्या लोकांत अधिक, आणि स्नायू कमी दिसले. पुण्याच्या खेड्यातील बाळात दिसलेली ठेवण सातासमुद्रापलीकडच्या प्रौढातही ओळखू येते.

तथापि ही तपासणी म्हणजे वाढदिवसाची भेट नव्हे. चाळिशीनंतर ज्यांचा धोका मध्यम आहे आणि औषध सुरू करावे की नाही असा प्रश्न आहे, त्यांच्याच बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याने ती उपयोगी पडते. छातीत दुखत असताना तिच्या वाटेला जाऊ नये. तेव्हा रुग्णालयच गाठावे. अंक शून्य आला म्हणजे तूप-साखरेचा परवाना मिळाला असेही नाही, कारण नव्या, मऊ थरात कॅल्शियम नसते आणि तरुण वयात झटका त्यानेही येतो. स्टॅटिन औषधे सुरू केल्यावर अंक थोडा वाढू शकतो आणि धोका तरीही घटतो. म्हणून अंकाकडे पाहून औषध परस्पर सोडू नये.

टेपची गोष्ट याहून सोपी आहे. सरळ उभे राहावे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, उघड्या त्वचेवर टेप धरावी. पोट आत न ओढता, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. विजारीच्या मापावर विसंबू नये. पुष्कळ पुरुष पोट वाढले तसा पट्टा खाली सरकवीत नेतात आणि माप तेच राहते. सरकलेले भोक ही सूचना आहे, पण न सरकलेले भोक हा निर्वाळा नव्हे. आणखी एक सोपी खूण : घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची कमर ३३ इंचांच्या आत हवी.

करावयाच्या गोष्टी

पोटाच्या आतील चरबीचा एक गुण चांगला आहे. ती जशी लवकर साठते तशी प्रयत्नांना लवकर प्रतिसादही देते. एकूण वजनात पाच ते दहा टक्के घट झाली, म्हणजे ७५ किलोच्या माणसाने चार ते साडेसात किलो उतरविले, की यकृत, साखर आणि रक्तदाब यांत लक्षणीय फरक पडतो. नियमित व्यायामाने तर काटा फारसा न हलताही ही आतली चरबी घटते. केवळ पोटाचे व्यायाम करून पोट जात नाही. सारे शरीर हलले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा तत्सम व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आवश्यक आहेत. आपल्या शरीरात स्नायू मुळातच कमी असल्याने दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. सूर्यनमस्कार, जोर, बैठका यांचे मोल येथे कळते. पन्नाशीच्या, हृदयविकाराची शंका असलेल्या माणसाने मात्र एकदम शंभर नमस्कारांचा संकल्प सोडू नये. डॉक्टरांना विचारून आरंभ करावा आणि संख्या हळूहळू वाढवावी.

ताटाविषयी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या नमुन्यात बैठे काम करणाऱ्या प्रौढासाठी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार प्रौढांच्या घरात हा हिशेब महिन्याला सव्वातीन किलोंच्या आसपास येतो. प्रत्येक गृहिणीने वाण्याच्या यादीशी तो ताडून पाहावा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून स्थूलतेचा उल्लेख करून घरात तेल दहा टक्क्यांनी कमी आणण्याचे आवाहन केले. हे काम कोणत्याही शासकीय योजनेशिवाय स्वयंपाकघरात होणारे आहे. भात-पोळीचे प्रमाण थोडे उतरवावे. डाळी, उसळी, भाज्या वाढवाव्यात. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटे आणि वनस्पती तुपाने नेहमीच्या दिवसापेक्षा अधिक उष्मांक पोटात जाणार असतील, तर त्याला उपवास का म्हणावे? तंबाखू कोणत्याही रूपात नको, मशेरीही नको.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. छातीवर दडपण, दरदरून घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अकारण दम अशी लक्षणे दिसताच सोडा पिऊन वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या तासाला तेथे किंमत असते.

संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजासमोर ठेवलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. आठवड्यातून एकदा सारे कुटुंब एकत्र बसावे, भोजन करावे, बोलावे, अशी त्यामागची कल्पना. त्याच बैठकीत महिन्यातून एकदा टेप बाहेर काढावी. आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सर्वांचे माप एका वहीत, तारखेसह लिहावे. कोणाची चेष्टा करू नये, कोणाला लाजवू नये. ज्याचा घेर वाढला त्याच्यासोबत घरातील एकाने रोज चालायला जावे. प्रत्येक शाखेतील पन्नाशीच्या पुढच्या स्वयंसेवकांनी आठवड्यातून निदान तीन दिवस पुन्हा मैदानात उतरावे. खेळ झेपत नसतील तर वेगाने फेऱ्या माराव्यात. वर्षभराने ती वही उघडली, तर किती धमन्या वाचल्या हे कोणाला मोजता येणार नाही. पण किती इंच उतरले ते मोजता येईल, आणि तेवढे पुरेसे आहे. ही वही या रविवारीच प्रत्येक घरात उघडली जावी.